आखूड झालेल्या हिरव्या पेन्सिली

पेटी उघडल्यावर रंगांच्याही आधी नजरेत भरली ती पेन्सिलींची उंची. हिरव्या आणि तपकिरी घासून घासून करंगळीएवढ्या उरल्या होत्या, निळ्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि जांभळी, गुलाबी जवळजवळ कोऱ्या होत्या. ओळखीतल्या एकांकडे जुनं सामान आवरताना ती पेटी निघाली. कुणालाच नको होती, म्हणून माझ्याकडे आली. आधी ती कुणाची होती हे कुणालाच सांगता आलं नाही. त्या माणसानं झाडं काढली असणार, एवढं मात्र मला त्या उंचीवरूनच कळलं.

पेन्सिलींसोबत कापडाच्या गुंडाळीत सहा पेनं होती. त्यातली चार आरेखनाची टेक्निकल पेनं आणि दोन शाईची. एकातूनही रेघ उमटत नव्हती. मी चित्रं बरीच वर्षं काढते आहे, पण नव्या सामानानं. नवं पेन टोपण काढलं की चालतं, त्यामुळे ते आतून कसं असतं हे बघायची वेळच आली नव्हती. या पेटीमुळे ती आली.

टेक्निकल पेनांपासून सुरुवात केली. या पेनाला निब नसते, तिथे धातूची बारीक नळी असते आणि नळीत केसासारखी तार. तारेच्या मागच्या टोकाला छोटं वजन जोडलेलं असतं. पेन हलवलं की वजन खालीवर होतं, तार नळीतून सरकते आणि शाईची वाट मोकळी राहते. रॉट्रिंग या जर्मन कंपनीनं १९५३ साली ‘रॅपिडोग्राफ’ आणलं तेव्हापासून या जातीची पेनं आराखडे काढणाऱ्यांच्या हातात होती, संगणक येईपर्यंत. माझ्या चारांवर ०.१८, ०.२५, ०.३५ आणि ०.५ असे मिलिमीटरचे आकडे होते. प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण १.४ पट. ए४ कागदावरचं चित्र ए३ वर मोठं केलं की रेघही तेवढ्याच पटीनं जाड होते आणि पुढच्या क्रमांकाच्या पेनानं त्यात भर घालता येते. हे समजलं तेव्हा मी ती चार पेनं ओळीनं मांडून नुसती बघत बसले होते.

चांगल्या पेनाची खूण म्हणजे कानाशी धरून हलवलं की आतलं वजन टिकटिक वाजतं. माझी चारही मुकी होती. आत काळी शाई दगडासारखी वाळली होती. टोकं उघडून कोमट पाण्यात ठेवली, पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाकले. गरम पाणी घेतलं नाही, प्लास्टिक वाकडं होण्याची भीती होती. स्पिरिटही टाळलं, कारण काही प्लास्टिकला त्यानं बारीक तडे जातात. पहिल्या तासाभरातच वाटीत काळे ढग उतरायला लागले. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, रबरी पंपानं मागून हलका दाब द्यायचा, परत ठेवायचं. ०.५ एका रात्रीत वाजायला लागलं. ०.३५ तिसऱ्या दिवशी. ०.२५ ला आठवडा लागला.

०.१८ सुटलंच नाही. त्याची तार बाहेर काढून पुसावी असं फार वाटत होतं. पण एवढ्या बारीक नळीतली तार एकदा बाहेर आली की परत आत घालताना वाकते, आणि वाकली की पेन कायमचं गेलं. म्हणून हात आवरला. ते पेन अजूनही एका छोट्या बाटलीत, पाण्यात उभं आहे. दर रविवारी पाणी बदलते. अजून थोडं काळं उतरतं, म्हणजे आत काहीतरी हलतंय.

शाईच्या पेनांपैकी एकाच्या पोटात रबरी पिशवी होती. जुनं रबर कडक होतं. उघडताच तिचे तुकडे झाले, त्यामुळे ते बाजूला ठेवलं. दुसरं मागचा भाग फिरवून शाई ओढून घेणारं होतं. त्याला फक्त पाणी लागलं, पण किती पाणी! निबखालच्या जिभेच्या खाचांमधून दोन दिवस निळं येत राहिलं. भरून लिहायला घेतलं तर निब कागदावर खरखरली. भिंगातून पाहिलं तेव्हा कारण दिसलं. टोकावरचा कठीण धातूचा मणी एका बाजूनं तिरका झिजला होता. आधीचा हात पेन थोडं वळवून धरत असणार. मी माझी पकड तशी वळवली आणि त्याच निबेतून लोण्यासारखी रेघ निघाली. घासून सरळ करायचा विचार मनात आला होता, पण तो मणी इवलासा असतो, घासलेलं परत येत नाही. आता ती तिरकी झीज मी वापरते. एका कोनात जाड रेघ, निब उलटी धरली की अगदी बारीक. पानाच्या कडा एका बाजूनं, शिरा दुसऱ्या बाजूनं.

शाईच्या बाबतीत चूक केली आणि एक चित्र गमावलं. खिडकीतली कुंडी होती. शाईच्या पेनानं रेखाटन केलं, सुकू दिलं, वर पेन्सिलीचा पिवळा आणि हिरवा घासला आणि ओला ब्रश फिरवला. काळी रेघ सुटली. नुसती पसरली नाही, फुटली. तिच्यातून निळसर आणि तांबूस असे दोन रंग वेगळे होऊन पिवळ्यात शिरले. बाटलीबंद काळी शाई बऱ्याचदा पाण्यात विरघळणारे अनेक रंग मिसळून केलेली असते आणि पाणी मिळालं की ते आपापल्या वेगानं पळतात. रंगकणांच्या शाईचं तसं नाही. तिचे कण विरघळत नाहीत, सुकले की कागदाच्या तंतूंत बसून राहतात. तेव्हापासून नियम ठरवला आहे: कुठलीही शाई आधी कागदाच्या पट्टीवर, एक दिवस वाट पाहायची, मग ओला ब्रश. टिकणारी काळी टेक्निकल पेनात जाते, विरघळणारी शाईच्या पेनात. लाखेची इंडिया इंक शाईच्या पेनात कधीच नाही. तिच्यातली लाख सुकली की आतल्या वाटा बंद होतात आणि मग पाण्यानं काही होत नाही.

ते चित्र गेलं त्याचं वाईट वाटलंच, पण त्या फुटलेल्या रेघेची गोडी लागली. आता ढगाळ दिवसाचं काही काढायचं असेल तर मुद्दाम विरघळणाऱ्या शाईनं काढते आणि फक्त सावलीच्या बाजूला ब्रश लावते. रेघेतूनच राखाडी निघते, वेगळा रंग घ्यावा लागत नाही.

पेन्सिलींचं काम लांबलं. पाण्यात विरघळणारी रंगीत पेन्सिल तशी जुनी वस्तू आहे. कारान दाश या स्विस कंपनीची ‘प्रिस्मालो’ १९३१ ची. माझ्या पेटीत मात्र तीन-चार वेगवेगळ्या बनावटींची सरमिसळ होती, बऱ्याच पेन्सिलींवरची नावं बोटांनी पुसली गेली होती. म्हणून एका जाड कागदावर प्रत्येकीचा चौकोन केला. अर्धा कोरडा, अर्धा ओला, खाली दाबून घासलेला तिसरा पट्टा. तो तक्ता करायला तीन संध्याकाळी गेल्या आणि त्यात जे दिसलं ते मला आधी कुणी सांगून पटलं नसतं. कोरडेपणी मळकट वाटणारी गडद हिरवी पाण्यात पडली की झळाळून उठते. एक तपकिरी उलटी, ओली झाली की फिकी. पाच पेन्सिली पाण्याला दादच देईनात. त्या मेणाच्या साध्या रंगीत पेन्सिली होत्या. त्या फेकल्या नाहीत, कारण त्यांनी आधी रेघा काढल्या तर वरून फिरवलेलं पाणी तिथून सरकतं आणि गवताची पाती उजळ राहतात. दाबून घासलेल्या पट्ट्यांत रेघा तशाच राहिल्या, पूर्ण विरघळल्या नाहीत. सपाट रंग हवा असेल तर हलक्या हातानं दोन थर, खोडाचा खडबडीतपणा हवा असेल तर एकदाच जोरात.

काहींची शिसं आतून तुटलेली होती. कधीतरी पडल्या असणार. अशा पेन्सिलीला शार्पनर लावला की टोक गळतं, परत लावला की परत गळतं आणि बघता बघता दोन सेंटीमीटर संपतात. मी ब्लेडनं टोक काढायला लागले, शिसं अगदी थोडंच उघडं ठेवून. गळलेले तुकडे छोट्या झाकणांत रंगानुसार ठेवले. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की जलरंगच! ओल्या शिसाला टोक मात्र काढू नये. ते मऊ झालेलं असतं, चुरा होतो.

कागद मात्र मी नवाच आणला. वहीचा पातळ कागद पहिल्याच पाण्याला फुगला, म्हणून ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड कागद घेतला. त्यावर क्रमही अनुभवानं ठरला. आधी पेन, मग पेन्सिल, मग पाणी. रंगवलेल्या भागावर टेक्निकल पेन फिरवलं की पेन्सिलीची भुकटी आणि कागदाचे तंतू नळीत शिरतात, आणि ०.२५ ला परत आठवडाभर पाण्यात ठेवायची माझी तयारी नव्हती.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट खिडकीत कळली. जुन्या रंगांचा भरवसा किती, हे बघायला प्रत्येक पेन्सिलीचा पट्टा काढला, त्यावर निम्म्या भागात काळा पुठ्ठा चिकटवला आणि कागद ऊन येणाऱ्या काचेला लावला. आठ आठवड्यांनी पुठ्ठा काढला. पिवळी माती, तपकिरी, विटकरी या जशाच्या तशा. हे लोहाचे मातीरंग, उन्हाला न घाबरणारे. निळे ठीक होते. गुलाबीचा उघडा भाग जवळजवळ कागदाएवढा पांढरा झाला होता आणि जांभळीची फिकट राखाडी झाली होती.

इतके दिवस मी समजत होते की त्या माणसाला जांभळा आवडत नसेल. त्या दिवशी तो कागद हातात घेऊन पेटीकडे पाहिलं. कदाचित त्यालाही अशाच एखाद्या खिडकीनं सांगितलं असेल. झाडाखालच्या सावलीला मी सरसकट जांभळा वापरत आले आहे. आता निळ्यावर विटकरीचा थर देते आणि त्यातून येणारी सावली मला जास्त खरी वाटते, थंड आणि मातीला धरून.

मीही झाडंच काढायला लागले आहे. आखूड हिरव्या हातात मावत नाहीत, म्हणून त्यांना धातूची नळी जोडून लांब केल्या. सगळ्यात छोटी परवा नळीतही धरता येईना. तिचं लाकूड ब्लेडनं सोलून उरलेलं शिसं झाकणात ठेवलं, इतर हिरव्या तुकड्यांजवळ. जमेल तिथे हिरवा आता निळ्या-पिवळ्यातूनच करते. पेटीत त्या दोघीही आखूड व्हायला लागल्या आहेत.