ब्रँचची यादी कालक्रमाने लावताना

कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात एखाद्या रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या साठ्यात) तीस-चाळीस ब्रँच (कामाच्या स्वतंत्र शाखा) साठल्या, की ‘गिट ब्रँच’ या कमांडने मिळणारी यादी माझ्या फारशी उपयोगाची राहत नाही, कारण ती नावांच्या वर्णानुक्रमाने लागलेली असते आणि चालू ब्रँचपुढे तारांकन करण्यापलीकडे काही सांगत नाही. मला रोज पडणारा प्रश्न ‘परवा अर्धवट सोडलेले काम कोणत्या ब्रँचवर आहे’ हा असतो आणि त्याचे उत्तर आद्याक्षरात नसून तारखेत असते.

त्यामुळे मी पहिला बदल केला तो क्रमाचा. सॉर्टच्या (क्रम लावण्याच्या) पर्यायात ‘कमिटरडेट’ (शेवटचा कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, तयार झाल्याची तारीख) हे नाव उणे चिन्हासह दिले की ताजी ब्रँच सर्वांत वर येते. २०१८ साली आलेल्या गिटच्या २.१९ या आवृत्तीपासून हीच पसंती ‘ब्रँच डॉट सॉर्ट’ या नावाने कॉन्फिगमध्ये (गिटच्या सेटिंगमध्ये) कायमची नोंदवता येते.

येथे मी एकदा फसलो आहे. जुन्या ब्रँच एका बैठकीत रिबेस केल्यावर (म्हणजे त्यांचे कमिट नव्या पायावर पुन्हा बसवल्यावर) त्या सगळ्या यादीच्या माथ्यावर येऊन बसल्या, कारण रिबेसमध्ये कमिट नव्याने तयार होतात आणि त्यांची कमिटर तारीख त्या क्षणाची होते, मात्र ऑथर तारीख मूळचीच राहते. काम प्रत्यक्षात केव्हा लिहिले हे पाहायचे असेल तर ‘ऑथरडेट’ने क्रम लावावा, मी मात्र कमिटरडेटच ठेवले आहे, कारण रिबेस करणे म्हणजेही त्या ब्रँचला हात लावणेच होय.

दुसरा बदल मांडणीचा. फॉरमॅटच्या पर्यायात टक्केचिन्ह आणि कंसातील नावे वापरून मी ब्रँचचे छोटे नाव, सापेक्ष तारीख, अपस्ट्रीमच्या (सर्व्हरवरच्या जोडीच्या ब्रँचच्या) पुढे-मागे किती कमिट आहेत तो आकडा आणि शेवटच्या कमिटचे शीर्षक एवढेच मागवतो. स्वतःचा फॉरमॅट दिला की तारांकन नाहीसे होते. ते परत हवे असल्यास ‘हेड’ हे नाव आपणच घालावे लागते. स्तंभ सरळ यावेत म्हणून ‘अलाइन’ आहे, पण ते रुंदीपेक्षा लांब नाव कापत नाही, त्यामुळे लांबलचक नावे ठेवणाऱ्यांची ओळ वाकडीच दिसते. कंसांमुळे टर्मिनलवर ही सगळी ओळ अवतरणात टाकावी लागते. रोज तेवढे टंकणे अशक्यच, म्हणून ती एका दोन अक्षरी अलियासमागे (कमांडच्या लघुनामामागे) ठेवली आहे.

या मांडणीचा अनपेक्षित लाभ म्हणजे ‘गॉन’ हा शेरा. सर्व्हरवरची ब्रँच पुसली गेली असेल आणि आपण प्रूनसह फेच केले असेल (सर्व्हरची ताजी स्थिती आणून तिथे नसलेल्या ब्रँचच्या नोंदी काढल्या असतील), तर पुढे-मागेच्या आकड्याच्या जागी हा शब्द दिसतो. अशा ब्रँच मी पुसतो. मात्र स्क्वॅश करून मर्ज केलेली (सगळे कमिट एकात गुंडाळून मुख्य ब्रँचमध्ये मिसळलेली) ब्रँच लहान ‘डी’ या पर्यायाने बहुधा पुसली जात नाही, कारण गिटला तिचे मूळ कमिट मिसळलेले दिसत नाहीत, म्हणून सक्तीने पुसणारा मोठा ‘डी’ वापरण्याआधी तिचा लॉग (कमिटची यादी) एकदा उघडून पाहतो.