तुम्ही विचारलंत म्हणून: शोकेसमधल्या सात जणी

"ताई, तुम्ही बायकांच्या चळवळीतल्या, आणि घरात बार्बी?" शोकेसकडे बघून हे विचारलं नाही अशी बाई विरळा. सात बाहुल्या आहेत. भाचीच्या नाहीत, माझ्याच. वय ५१.

तिच्या कमरेचं माप, गोरा रंग, गणित अवघड असतं म्हणणारी १९९२ ची बोलकी बार्बी, हे मला सांगू नका. कॉलेजात असताना मीच यावर तावातावाने बोलले आहे. डाव्या पायात कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) घालून.

पहिली बाहुली पहिल्या पगारातून मेन रोडवरून आणली. मैत्रिणीच्या मुलीला द्यायची होती (हे मी अजूनही सांगते). टेबलावर उभी केली, पडली. पुन्हा केली, पुन्हा पडली. १९५९ पासून ती चवड्यांवरच. घोटा वाकवून टाच टेकवता येईल अशी बार्बी यायला २०१५ उजाडलं. पोलिओमुळे माझीही डावी टाच टेकत नाही. "बायांनो, स्वतःच्या पायावर उभ्या राहा," असं आपल्या शिबिरांत म्हणतात तेव्हा मीही टाळ्या वाजवते, कुबडी मांडीवर आडवी धरून. बाहुली दिली नाही.

आता एका ८ मार्चचं. पत्रिकेवर माझं नाव होतं. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. संयोजक बाई म्हणाल्या, "अगं, मुलं आहेत ना, उचलतील." दोघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली. साडी गुडघ्याच्या वर सरकली, कॅलिपरचे पट्टे उघडे पडले. एका हातात पिशवी. दुसऱ्याने कठडा धरू की साडी? साडी धरली. मागून येणाऱ्या बायकांनी माना फिरवल्या. चांगल्या मनानेच फिरवल्या असतील. वर भाषण रंगात आलं होतं: असल्या बाहुल्या बाईची वस्तू करून टाकतात. आणि मी नुकतीच गॅस सिलिंडरसारखी वर आले होते.

माझी पाळी आली तेव्हा जिन्याचा 'ज' काढला नाही. लिहून आणलेलं वाचलं, बसले. निघताना एकीने हात दाबला, "तुमची जिद्द म्हणजे..." मी हसले. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

बेकी मला नंतर कळली. १९९७ मध्ये आलेली बार्बीची व्हीलचेअरवाली मैत्रीण. तिची खुर्ची बार्बीच्या ड्रीमहाउसच्या लिफ्टमध्ये मावत नव्हती, आणि ते दाखवून दिलं व्हीलचेअर वापरणाऱ्या एका शाळकरी मुलीने. वाचून मी इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. २०१९ च्या बार्बीला व्हीलचेअरबरोबर रॅम्पही मिळाला. कंपनी धंदा करते, कळतं मला. पण धंदेवाल्यांना जे २२ वर्षांत सुचलं, ते आपल्या माणसांना का सुचू नये?

आणखी एक, कुणाशी न बोललेलं. बाईकडे नुसतं शरीर म्हणून बघतात, ही तुमची तक्रार. कॉलेज रोडवर मैत्रिणींवर शेरे पडायचे, मला वगळून. सुटल्यासारखं वाटायचं, आणि नाहीही. पंचविशीत आरशासमोर म्हटलं होतं, एकदा तरी मारा की रे शिट्टी. ते आठवलं की शरम वाटते. मग बसमध्ये चढवताना 'मदत' करणारे हात आठवतात, आणि वाटतं, वगळलं होतं कुठे? पंचविशीतल्या मला हे सांगावं, तर ती म्हणेल, ते हात मलाही ठाऊक आहेत, तरी शिट्टी हवीच होती. तिच्याशी वाद घालायला गेले की मीच गप्प होते.

बाहुल्या मला बरोबरीचं मानतात, असलं काही मी म्हणणार नाही. सातही जणी स्टँडला अडकवलेल्या आहेत.

यंदाची पत्रिका परवा आली. हॉल तोच. जाणार का, हेही विचाराल. साडी नको म्हणून सलवार-कमीज इस्त्रीला दिलाय, एवढंच.