हापसा

गावात पाणी आलं म्हणजे नळ आला, असं हल्ली धरून चालतात. मला विचाराल तर गाव बदललं ते हापशाने. नळ फार नंतरचा.

दिसायला ओबडधोबड. सिमेंटचा ओटा, लोखंडी खांब आणि लांबलचक दांडा. पहिले चार-सहा हात कोरडेच, आतून नुसती घरघर. दांडा जड लागला की समजायचं, आलं. वर गेलेल्या दांड्याला पोरांचा हात पोचायचा नाही, मग ती उडी मारून लोंबकळायची.

या दांडगटाचं मूळ आपल्याकडचं आहे. पूर्वी बोअरवर बिडाचे पंप बसवत. ते एका घरापुरते. अख्खं गाव हापसायला लागलं की मोडायचे. जालन्यात आणि पुढे सोलापुरात ख्रिस्ती मिशनच्या माणसांनी दणकट पोलादी पंप बनवले. सोलापूरच्या पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क २’ तयार झाला आणि पार आफ्रिकेत पोचला. आपण मात्र सोलापूर म्हटलं की चादरीच काढतो.

पण खरी गोष्ट नारूची, म्हणजे पायातून जंत निघायच्या त्या रोगाची. म्हाताऱ्या माणसांना विचारा, आधी धोतर वर करून पोटरीवरचा वण दाखवतील. बारवेत पायऱ्या उतरून घागर बुडवायची. नारू झालेल्याचा पाय पाण्यात पडला की जंताची पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्यांत शिरत. ते पाणी प्यायलं की साधारण वर्षभराने पिणाऱ्याच्या पायातून पांढरा दोरा बाहेर यायचा, चांगला हातभर, कधी त्याहून लांब. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस आडवा, आणि तोही ऐन पेरणीत. फडक्याने पाणी गाळणं, बारवेत औषध टाकणं, पायऱ्या बुजवणं हे सगळं झालंच. पण हापशाच्या पाण्यात पाय घालायची सोयच नव्हती. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला.

एवढं करूनही हापशाचं कौतुक कुणी केलं नाही. पाणी मचूळ, त्यात डाळ शिजत नाही, चहाला चव नाही. प्यायला हापशाचं आणि डाळीला विहिरीचं, अशी घरोघरी वाटणी. बायकांचं डोक्यावरचं ओझं त्याने थोडं कमी केलं, रांग नाही. रांगेत माणूस नसलं तरी चालायचं, घागर उभी हवी. ती कुणी पायाने सरकवली की पुढचा तासभर करमणूक. आणि वॉशर गेला की मेस्त्री येईपर्यंत पुन्हा बारव.

आता जल जीवन मिशनचा नळ दारात आहे, माणशी रोज ५५ लिटरचं माप. पाणी येतं त्या दिवशी चैन असते. मोटर जळली की कळशा घेऊन सगळे हापशावर, आणि दांडा मारता मारता सरपंचाचा उद्धार.