किती काढायचे, ते हळू सांगा

एटीएमने माणसाशी बोलावं, याला कोकणात कुणाची ना नाही. माणसाने एटीएमशी बोलायचं म्हटलं, की चेहरे बदलतात. हर्णैच्या लिलावात पापलेटचा भाव भर किनाऱ्यावर पुकारला जातो. मासळीच्या पाटीशेजारचा यूपीआयचा डबा 'दोनशे रुपये मिळाले' असं ओरडतो, तेही चालतं. ओल्या हाताने मोबाइल काढायला लागत नाही म्हणून उलट बरंच वाटतं. पण खात्यातून किती काढले, हे कुणाला कळता कामा नये. जावेला तर नकोच.

बोलणारी यंत्रं तशी जुनी. युनियन बँकेने 2012 मध्ये अहमदाबादेत दृष्टिहीनांसाठी बोलकं एटीएम बसवलं. 1 जुलै 2014 पासून प्रत्येक नव्या एटीएमला आवाजी सूचना आणि ब्रेल कळा हव्यात, असं रिझर्व्ह बँकेने बजावलं. तरी ही सोय फारशी कुणाला ठाऊक नसते. चष्मा घरी राहिलेल्या आजोबांनाही ती चालेल, पण इअरफोनचं भोक कुठे आहे हे बाहेर बसलेल्या रखवालदारालाही सांगता येत नाही.

साध्या वायरचा, 3.5 मिमी पिनेचा इअरफोन लागतो. बिनवायरीचा इथे कुचकामी. पिन आत गेल्याचं कळलं की यंत्र बोलू लागतं. पडदा काळा करायचा पर्याय बहुधा सुरुवातीलाच येतो, तो घ्यावा. 5 च्या कळीवर उंचवटा असतो, बोट तिथे ठेवून बाकीचे आकडे शोधायचे. गुप्त आकडे दाबताना यंत्र ते उच्चारत नाही, नुसता टिक आवाज येतो. कोकणात घोटाळा होतो तो खाऱ्या हवेने. भोकातल्या धातूच्या पट्ट्या गंजतात, मग एकाच कानात खरखर येते, किंवा पिन घातल्याचं यंत्राला कळतच नाही. पिन दोन-तीनदा गोल फिरवली की बऱ्याचदा भागतं. रेंगाळलात मात्र, तर वेळ संपून व्यवहार रद्द.

आता ऐकणारं यंत्र. 'दीड हजार' आणि 'पंधराशे' एकच, हे त्याला शिकवावं लागेल. मालवणात कुणी 'दीड हजार व्हये' म्हणेल, तेही. 'साडेसातशे' नीट ऐकलं तरी खणात पन्नासच्या नोटा नसतील तर देणार कुठून? त्यात काचेची खोली, घरघरता एसी आणि आषाढात पत्र्यावर कोसळणारा पाऊस. गणपतीत चाकरमान्यांची रांग असताना यंत्र 'किती?' विचारील आणि उत्तर मागचा तिसरा माणूस देईल.

गुप्त आकडे तर तोंडाने सांगायचेच नाहीत. ते ज्या कळांवर दाबतो, तो कीपॅड आकडे आतल्या आत सांकेतिक करूनच पुढे पाठवतो. माइकचं तसं नसतं, आणि शेजारच्याचे कान त्याहून जवळ.

तेव्हा रक्कम हवी तर बोलून सांगा, पण यंत्राने ती परत सांगायची ती इअरफोनमध्ये, आणि होकार हिरव्या कळीने. एवढं करूनही खात्यातून पैसे गेले आणि नोटा आल्या नाहीत, तर पावती जपून ठेवावी: बँकेने पाच दिवसांत रक्कम परत जमा करायची असते, नंतर दर दिवसाला 100 रुपये भरपाई. हे मात्र काउंटरवर मोठ्याने बोलावं.