दोन सेकंद पुढे असलेली मोटार

वाहनांनी एकमेकांना थेट बिनतारी संदेश पाठवावेत, यासाठीच्या उपकरणांची चाचणी घेणे हे माझे काम. त्या सकाळी बंदिस्त चाचणी-मार्गावर तीन वाहने एका रांगेत धावत होती: पुढे एक मोटार, मध्ये उंच ट्रक आणि मागे आमची मोटार. पुढच्या मोटारीने जोरात ब्रेक लावताच, ट्रकच्या आडोशामुळे ती दिसत नसतानाही, आमच्या चालकाला इशारा मिळायला हवा होता. तो मिळाला नाही.

पहिला संशय ट्रकवर गेला. वाहनांमधल्या बिनतारी संदेशांच्या ८०२.११पी या पद्धतीत ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. त्यांची लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर असल्याने पत्र्याची मोठी पेटी आड आली की त्या क्षीण होतात. पण नोंदी उघडल्या तर संदेश सेकंदाला १० वेळा, पुरेशा ताकदीने येत होते आणि आमचे उपकरण ते एकेक करून नाकारत होते. अँटेना तपासून वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा सारे सुरळीत झाले. आपोआप बरा झालेला बिघाड मला अधिक भयावह वाटतो, म्हणून मी पुढच्या मोटारीतील संचाची वीज पूर्ण तोडून पुन्हा जोडायला लावली. बिघाड परतला.

कारण घड्याळात सापडले. जीपीएस वेळ लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी प्रमाणवेळेत अधूनमधून घातलेला जादा सेकंद, मोजत नाही, त्यामुळे जानेवारी २०१७ पासून ती जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रह स्वतःच कळवतात, पण साडेबारा मिनिटांतून एकदाच. आदल्या दिवशी बसवलेल्या जीपीएस संचात जुनी आज्ञावली (सॉफ्टवेअर) होती. उपग्रहाकडून आकडा येईपर्यंत ती जून २०१५ पर्यंत लागू असलेला १६ सेकंदांचाच फरक धरत होती. परिणामी त्या मोटारीचे घड्याळ २ सेकंद पुढे धावत होते. तिचे संदेश आम्हाला भविष्यातले वाटत, आमचे तिला शिळे वाटत, आणि जुने संदेश पुन्हा पाठवून कोणी फसवू नये म्हणून असलेली सुरक्षा-तपासणी दोन्ही बाजूंनी ते टाकून देई. ताशी ७२ किलोमीटर वेगाने २ सेकंदांत मोटार ४० मीटर जाते, त्यामुळे ही तपासणी सैल करण्याच्या सूचनेला मी ठाम विरोध केला.

अखेर फरकाचा ताजा आकडा मिळेपर्यंत उपकरणाने संदेश पाठवू नये आणि तोवर चालकासमोर पिवळा दिवा लागावा, असे ठरले. नव्या आज्ञावलीने पहिली चाचणी घेतली तेव्हा तो दिवा अकराव्या मिनिटाला विझला. मग पुढच्या मोटारीने ब्रेक लावला आणि ट्रकच्या मागे आमच्याकडे इशारा वाजला.