कारवान उसात सोडायचा नाही

बॉबकॅट म्हणजे अमेरिकेतलं रानमांजर. त्याच्या शिकारीचे अमेरिकन व्हिडिओ हल्ली कारवान या शिकारी जातीची कुत्री पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतात. रँचवर पाच-सहा कुत्री सुटतात, थोड्या वेळानं मांजर झाडावर आणि खाली कुत्र्यांचा गलका. मग कागल, गडहिंग्लजकडनं प्रश्न येतोच : आपला कारवान उसातल्या रानमांजरावर असा लागेल का? लागणार नाही, आणि लावायचाही नाही.

तिकडची वॉकर, ब्लूटिक, प्लॉट ही कुत्री नाकावर चालणारी. बॉबकॅटचा वास पुसट असतो. दव असेपर्यंत माग टिकतो, ऊन चढून जमीन वाळली की कुत्री नुसती घुटमळतात. म्हणून सगळ्यात तीक्ष्ण नाकाचं कुत्रं आधी मागावर घालतात, त्यानं आवाज दिला की बाकीची सोडतात. बॉबकॅट खडकावरनं जातं, आल्या वाटेनं परत फिरतं. माग तुटला की कुत्री त्या जागेभोवती फेऱ्या घेऊन तो पुन्हा जुळवतात. सतत भुंकणं हे त्यांच्या कामातच येतं, कारण मालक बराच मागं असतो आणि आवाजावर, नाहीतर जीपीएस पट्ट्यावर येतो. हे सगळं तिथल्या परवान्यानं आणि हंगामात चालतं, तेही सगळीकडं नाही. कॅलिफोर्नियात बॉबकॅटमागं कुत्री सोडायला 2013 पासून बंदी आहे.

कारवान नजरेचा कुत्रा. दिसलं की सुटतो, मुकाट धावतो, दिसेनासं झालं की मान वर करून उभा. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून माळावर काळवीट धरत, तिथंही तत्त्व हेच : गाडीवरच्या चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी काळवीट दिसल्यावरच काढायची. पुरुषभर उंचीच्या उसात नजरेच्या जनावराला दिसणार काय? सरीत शिरलेला कारवान पानांनी डोळे कापून घेतो, हाकेबाहेर जातो आणि भुंकत नसल्यानं सापडतही नाही.

कायद्याचं थोडक्यात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच, कलम 2(16) मध्ये, कुत्र्यानं पाठलाग करणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणं येतं. ‘आम्ही कुठं मारलं, कुत्र्यानं धरलं’ हा बचाव नाही. शिवाय रानमांजर मुख्यतः उंदीर खातं, आणि उसातल्या उंदरांनी काय होतं ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता तोडणी झालेल्या रानाबद्दल, कारण खरी दुखापत तिथं होते. फड मोकळा झाला की लांबवर दिसतं, कुत्रा ताणून धावतो आणि कोयत्यानं तिरकी कापलेली बुडखी पाचटाखाली टोकदार उभीच असतात. पंजाची गादी फाटते, कधी छातीत खोल भोक पडतं. वरनं जखम बोटाच्या पेराएवढी दिसते, आत काय झालंय ते कळत नाही. हळद भरून बांधून ठेवू नका. स्वच्छ पाण्यानं धुऊन, कापड दाबून धरून सरळ डॉक्टरकडं न्या. बेशुद्ध करायची वेळ आली तर कुत्रा कारवान आहे, हे आधी सांगा. अंगावर चरबी कमी असलेल्या या जातीच्या कुत्र्यांना थायोपेंटोनसारख्या औषधातनं शुद्धीवर यायला फार वेळ लागतो.

माळावर दुसरा शत्रू कुसळ. पावसाळा सरून गवत वाळलं की ती बोटांच्या बेचक्यात घुसतात. कुसळाचं टोक काटेरी, केस उलट्या दिशेचे, त्यामुळं ते पुढंच सरकतं, मागं येत नाही. कुत्रा एकच बोट सारखं चाटायला लागला, बेचक्यात वाटाण्याएवढी गाठ आली, ती फुटून बारीक भोकातनं पाणी येऊ लागलं, की आत कुसळ आहे असंच धरा. नुसत्या मलमानं भोक बुजतं आणि आठवड्यात शेजारी दुसरं फुटतं. रोज फिरून आल्यावर चारही पायांची बोटं फाकवून बघायला दोन मिनिटं लागतात. कानही बघा. तेवढ्यात गोचीडही हाताला लागतात.

धावण्याआधी आणि नंतर किमान दोन तास पोटभर खाणं नको. छाती खोल असल्यानं पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. दोन वेळ विभागून घाला, आणि नुसत्या दूध-भाकरीवर ठेवू नका. मार्चपासनं धावणं उजाडतानाच. धाप थांबत नसेल, लाळ घट्ट झाली, चालताना झोक जायला लागला तर सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओता आणि वारा घाला. अंगाचा ताप 41 अंश सेल्सिअसवर गेला की वेळ हातात नसते.

गळ्याचा पट्टा दोन बोटं रुंद हवा. कारवानची मान डोक्यापेक्षा फारशी बारीक नसते, म्हणून नेहमीचा अरुंद पट्टा तो मागं सरकून सहज काढतो आणि नेमका ससा दिसल्यावर काढतो.

तोडणी चालू असताना मात्र कुत्रा वस्तीवर बांधलेलाच बरा. फडात पिल्लं सापडतात आणि टोळीत एकदम ‘बिबट्या, बिबट्या’ सुरू होतं. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगभर गडद ठिपके दिसतात आणि शेपूट लांब असते. रानमांजराचं पिल्लू पिवळट-करडं, पुसट पट्ट्यांचं, शेपूट आखूड. काहीही असलं तरी हात लावू नका. तेवढा कोपरा तोडायचा ठेवून माणसं मागं घ्या आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा. पिल्लं घरी नेली, दूध पाजलं, फोटोसाठी हातोहात फिरवली, तर आई येऊन रिकामी जागा हुंगून निघून जाते. पिल्लं जागेवर असली आणि आसपास माणूस-कुत्रं नसलं, तर ती बहुधा रात्रीत एकेक करून मानगुटीला धरून उचलते. दुसऱ्या दिवशी तो कोपरा तोडण्याआधी एकदा वाकून बघा, एखादं मागं राहिलेलं असू शकतं.