‘छत्तीस द्या’ म्हणण्याआधी

ठाण्यात राम मारुती रोडवर जा, नाहीतर वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, साईज?" उत्तरही ठरलेलं, आवाज जरा खाली आणून दिलेलं: "छत्तीस." खरेदी निम्मी इथेच चुकते. आकडा कानावर पडला की मागच्या फळीवरून खोका उतरतो, काउंटरवर चार ब्रा पसरल्या जातात आणि पुढची सगळी चर्चा रंगाची होते.

छत्तीस म्हणजे छातीचा घेर ३६ इंच, असं बहुतेकींनी धरलेलं असतं. तसं नसतं. आकडा छातीखालच्या घेरावरून ठरतो आणि पुढचं अक्षर, म्हणजे कप, छातीच्या आणि छातीखालच्या घेरातल्या फरकावरून. दोन मापं हवीत, एक नाही. शिंप्याची टेप घ्या, आरशासमोर उभ्या राहा, अंगात फोम नसलेली पातळ ब्रा असू द्या. पहिलं माप स्तनांच्या लगेच खाली, बरगड्यांवर: श्वास पूर्ण सोडून, टेप घट्ट, पाठीमागे वर न चढता सरळ आडवी. दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप नुसती टेकलेली, आवळलेली नाही. दोन्ही सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा, कारण खोक्यावरचा तक्ता बहुतेक वेळा सेंटिमीटरमध्येच असतो.

नेहमीचा तक्ता असा: छातीखाली ६८ ते ७२ सेंमी भरलं तर ३२, ७३ ते ७७ तर ३४, ७८ ते ८२ तर ३६, ८३ ते ८७ तर ३८. दोन मापांतला फरक १२ ते १४ सेंमी असला तर ए कप, १४ ते १६ बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी. आता एक उदाहरण घेऊ. छातीखाली ७६, छातीवर ९३. फरक १७, म्हणजे ३४सी. पण दुकानात घाईघाईत कपड्यांवरूनच टेप फिरवली, ९३ सेंमी म्हणजे साडेछत्तीसच्या वर निघाले आणि "३८ घ्या, आरामात बसेल" असा सल्ला मिळाला, तर त्या बाईच्या अंगावर छातीखालून पाठीवर जाणारा आडवा पट्टा दोन साईज मोठा येतो. आराम चार दिवस वाटतो. मग पट्टा पाठीवर चढतो, पुढचा भाग खाली उतरतो, तो सावरायला स्ट्रॅप आवळले जातात आणि संध्याकाळपर्यंत खांद्यावर खाचा पडतात. वजन पेलायचं काम आडव्या पट्ट्याचं. स्ट्रॅपवर भार आला याचा अर्थ पट्टा सैल आहे. अशा वेळी रुंद स्ट्रॅपची ब्रा मागणं म्हणजे पाय दुखतो म्हणून टोपी बदलणं.

एक गोंधळ मात्र खरा आहे. काही कंपन्या छातीखालचे इंच जसेच्या तसे आकडा म्हणून छापतात. त्यांच्याकडे हीच बाई ३० आकड्यात आणि डीच्या बऱ्याच पुढच्या अक्षरात जाते. आपापल्या तक्त्यानुसार दोघंही बरोबर असतात. म्हणून दुकानात साईज सांगू नका, मापं सांगा: "खाली शहात्तर, वर त्र्याण्णव." एवढ्यावरूनच समोरचीला काम येतं की नाही ते कळतं. जिला येतं ती तक्ता बघते, तीन ब्रा काढते: मापाची एक, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या. ३४सी, ३६बी आणि ३२डी यांच्या कपमध्ये जागा जवळजवळ सारखीच असते, फक्त पट्टा बदलतो, हे तिला माहीत असतं. जिला येत नाही ती म्हणते, "मॅडम, ही सगळ्यांना बसते."

ट्रायल रूम नसेल तर महागातली ब्रा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रविवारी संध्याकाळी आणि दिवाळीच्या आठवड्यात ठाण्याच्या गोखले रोडवर कोणालाच वेळ नसतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी जा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन भरतात, तेव्हाचं माप धरून कप घेतला तर तो पुढे पोकळ दिसतो. अंगात अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट असावा, कारण शिवणीच्या रेषा आणि कपची कड त्यावरच दिसते.

आत गेल्यावर नवी ब्रा कायम सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर लावा. इलॅस्टिक ताणत जातं, तेव्हा आतली हुकं कामाला येतात. पहिल्याच दिवशी आतल्या हुकावर बसणारी ब्रा दोन-तीन महिन्यांत सैल होणार, हे धरून चाला. हुक लागलं की कमरेत थोडं वाका आणि हाताने काखेकडचा भाग पुढे ओढून कपमध्ये नीट बसवा. ही पायरी बहुतेकजणी गाळतात आणि मग लहान कपच बरोबर वाटतो. सरळ उभं राहिल्यावर कपच्या वरच्या कडेवर मांस फुगून दुहेरी रेषा दिसली, तर कप लहान आहे. कापड सुरकुतलं तर कप मोठा, किंवा त्या कपचा आकार तुमच्यासाठी नाही. वरून कमी भरलेल्या छातीला फोमचा उंच कप बसतच नाही, साईज कितीही बदला. वायरची ब्रा असेल तर मधला तुकडा छातीच्या हाडाला टेकला पाहिजे आणि वायरचं टोक काखेखाली, स्तनाच्या मागे संपलं पाहिजे. ते स्तनावरच टेकत असेल तर तासाभरात टोचायला लागेल. पाठीमागे पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. आरशात बाजूने बघा, पट्टा पुढे-मागे एकाच उंचीवर हवा.

आता लोकलची परीक्षा. लेडीज डब्यात वरची कडी धरतो तसा एक हात वर करा, मग दुसरा. पट्टा छातीवर चढला आणि खालून स्तन निसटला, तर ती ब्रा बाजूला ठेवा, रंग कितीही आवडला असला तरी.

चांगली विक्रेती कशी ओळखायची? ती आधी साईज विचारत नाही, "आत्ता घातलीय ती कुठे त्रास देते?" असं विचारते. दार वाजवल्याशिवाय आत येत नाही, बोलावलं तर पाठीमागून पट्टा बघते. मुख्य म्हणजे "हा माल तुम्हाला नको, तुमच्या साईजचा आला की फोन करते" असं म्हणून विक्री सोडते. अशी बाई मिळाली तर चार स्टेशनं लांब जावं लागलं तरी दुकान बदलू नये. "ब्रा वापरून सैल होतेच" हे वाक्य ऐकलं तर लक्षात ठेवा की ते पट्ट्याबद्दल खरं आहे, म्हणून पट्टा घट्ट घ्यायचा. कप वापरून मोठा होत नाही.

गल्लीतल्या दुकानात काउंटरला दादा आणि मागे पडदाही नाही, अशी स्थिती असेल तर बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, टॅग न काढता घरी पातळ बनियनवर घालून बघा, आणि एकच घ्या. तीनचा पॅक स्वस्त पडतो, पण चुकला तर तिन्ही कपाटात पडून राहतात. पहिली ब्रा तीनदा धुऊनही टिकली की मग उरलेल्या. वापरलेली ब्रा दुकानदार परत घेत नाही, ते रास्तच आहे. पण हुक तुटलेलं, शिवण उसवलेली निघाली तर गोष्ट वेगळी: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. बिल मात्र हवंच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

ब्लाउजवाल्या बायकांसाठी एक वेगळीच सूचना. टेलरकडे माप द्यायला जाल तेव्हा ब्लाउजखाली घालायची तीच ब्रा घालून जा. पातळ सुती ब्रावर माप दिलं आणि नंतर फोमची घातली, की टक्सचं टोक चुकीच्या जागी येतं, कटोरीला चुण्या पडतात आणि शिव्या बिचाऱ्या टेलरला बसतात.

आपल्याकडच्या दमट हवेत फोम घाम धरून ठेवतो. छातीखाली घामोळं किंवा खाज असेल तर रोजच्यासाठी बिनफोमची सुती बरी. जून ते सप्टेंबर फोमची ब्रा घरात दोन दिवस वाळत नाही, वास धरते. लागोपाठ दोन दिवस एकच घालू नका, इलॅस्टिकला विसावा लागतो. धुताना हुकं लावलेली असावीत, गरम पाणी आणि फॅब्रिक सॉफ्टनर दोन्ही टाळा, पिळू नका, आणि स्ट्रॅपला चिमटा न लावता मधल्या तुकड्यावर दोरीला अडकवा, नाहीतर ओल्या कपच्या वजनाने स्ट्रॅप लांबतात.

सगळ्यात आतल्या हुकावरही पट्टा पाठीवर चढायला लागला की ती ब्रा संपली. लेबलवरची अक्षरं धुवून पुसट होतात, म्हणून ब्रा नवी असतानाच लेबलचा फोटो काढून ठेवा: कंपनी, स्टाईल नंबर आणि साईज. पुढच्या खेपेला काउंटरवर तोच दाखवा, आणि टेप तरीही परत फिरवून घ्या.